‘कूळ’ ह्या शब्दाची कुळकथा

आमच्या घरी माळ्यावर तांबड्या रुमालात बांधलेले एक जुने दप्तर आहे. त्यातील बहुतेक कागद वाळवीने खाल्ले. परंतु दोन वस्तू शाबूत राहिल्या. एक आहे चार पानांचे टिपण. ‘आमचे कुळाचे कुळाचार’ असा त्यावर मथळा असून चैत्रागौरीचे हळदीकुंकू, श्रावणी शुक्रवारचे पुरण, नवरात्रातील माळ आणि अखंड दिवा, कुलस्वामिनीस पाठवावयाची खणानारळाची ओटी ह्यांची नोंद त्यात बारकाईने केलेली आहे. दुसरी आहे एक लांबट वही. तिच्या पुठ्ठ्यावर ‘कुळांची वही’ अशी अक्षरे असून आत खंडी, मण, पायली ह्या हिशेबाने भाताची येणी मांडलेली आहेत. दोहोंचे हस्ताक्षर एकच, शाई एकच, आणि शब्दही एकच. लहानपणी आम्ही आजोबांना विचारले होते, “आपले कूळ कोणते, आणि ही कुळे कोणाची?” त्यांनी वहीतून मान वर न करता उत्तर दिले, “ते कूळ निराळे, हे कूळ निराळे.”

ह्या उत्तराने तेव्हा आमचे समाधान झाले. आज ते होत नाही. आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले असून काहींची जुळवाजुळव चालू आहे. माहितीपत्रके घरोघर फिरतात, वंशवृक्ष रेखाटले जातात. अशा वेळी ज्या शब्दावर ही सारी इमारत उभी करावयाची, तो शब्द एकदा नीट पारखून घ्यावा असे आम्हांस वाटते. ‘ते कूळ’ आणि ‘हे कूळ’ खरोखरच निराळे आहेत काय, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

मूळ अर्थ

संस्कृतात ‘कुल’ म्हणजे समूह, कळप, परिवार. आणि त्याच बरोबर त्या परिवाराचे राहण्याचे ठिकाण. भ्रमरांचे ते अलिकुल, हरिणांचे ते मृगकुल, आणि गाईंचे ते गोकुळ. गुरूचे घर ते गुरुकुल. तेथे राहणारे शिष्य एका रक्ताचे नसत, परंतु एका अग्नीभोवती बसत व एका घरचे अन्न खात, म्हणून ते एका कुलाचे. मराठीने ह्या शब्दाची आणखी दोन रूपे इतकी आपलीशी करून घेतली आहेत, की त्यांत कूळ दडले आहे ह्याची आठवणही आपणांस राहिलेली नाही. ‘देवकुल’ म्हणजे देवाचे घर. प्राकृतातून येता येता त्याचे ‘देऊळ’ झाले. ‘राजकुल’ म्हणजे राजाचे घर. त्याचे ‘राऊळ’ झाले, आणि पुढे विठ्ठलाच्या मंदिरासही वारकऱ्यांनी राऊळ म्हटले. सारांश, कूळ हा शब्द मुळात रक्ताचा नव्हे, तर एकत्र नांदण्याचा आहे. रक्तसंबंध हे एकत्र नांदण्याचे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

घरातले कूळ

कुटुंबाच्या अर्थाने कूळ हा शब्द आपण नित्य वापरतो. मात्र गोत्र आणि कूळ ह्यांची आपण पुष्कळदा गल्लत करतो. गोत्र हे ऋषीच्या नावावरून चालते. एका गोत्राची माणसे परस्परांस अनोळखी असतात, निरनिराळ्या आडनावांची असतात, इतकेच नव्हे तर निरनिराळ्या ज्ञातींतही आढळतात. सगोत्र विवाह धर्मशास्त्राने निषिद्ध मानला होता. परंतु १९४६ च्या कायद्याने तो वैध ठरविला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने केवळ जवळच्या सपिंड नात्यांचा निषेध शिल्लक ठेवला. गोत्राची बंधने येणेप्रमाणे सैल झाली. कूळ मात्र गोत्राहून जवळचे आहे. त्याला गाव असते, दैवत असते, आचार असतो, आणि स्मरणही असते.

ह्यांपैकी दैवत हे सर्वांत चिवट. माणसे गाव सोडतात, धंदा बदलतात, प्रसंगी आडनावही बदलतात. कुलदैवत सहसा बदलत नाहीत. कोकणातील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी घाटावर, मराठवाड्यात अंबेजोगाईस आहे. घाट चढून इतक्या दूर जाणे जुन्या काळी किती अवघड होते ह्याची कल्पना केली, म्हणजे त्या ओटीमागील निष्ठा कळून येते. गोमंतकात तर दैवतांनाच प्रवास घडला. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आला. देव गेला तिकडे त्याची माणसे आजतागायत जात आहेत. अशा भाविकांना तिकडे ‘कुळावी’ म्हणतात. घर दुसऱ्या गावी, कोणी तर दुसऱ्या देशात. परंतु देवळाशी नाते ‘कुळाव्या’चे. येथेही शब्दाचा मूळ अर्थच बोलतो आहे, तो म्हणजे एका ठायी जमणाऱ्यांचा समुदाय.

कुळावरून भाषेत किती शब्द व म्हणी आल्या ते पाहिले, म्हणजे समाजाने ह्या कल्पनेचे कौतुक आणि थट्टा दोन्ही केली असे आढळून येते. कुळवंत, कुळशील, कुलदीपक हे कौतुकाचे शब्द; कुलांगार हा शापाचा. कोणी कीर्ती मिळविली तर त्याने कुळाचा उद्धार केला म्हणावयाचे. आणि कोणी शिव्या मोजू लागला तर त्यानेही ‘साऱ्या कुळाचा उद्धार केला’ असेच म्हणावयाचे! एखाद्याची इत्थंभूत हकीकत म्हणजे त्याची कुळकथा. आणि ह्या सर्वांवर मात करणारी म्हण म्हणजे ‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’.

ही म्हण वाटते तितकी अर्वाचीन कल्पना नाही. महाभारताच्या आदिपर्वात शस्त्रपरीक्षेच्या प्रसंगी कर्ण अर्जुनास आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्यास माता, पिता आणि कूळ सांगावयास फर्मावितात. कर्ण मान खाली घालतो. पुढे त्याच प्रसंगी दुर्योधन जे उत्तर देतो त्याचा आशय असा, की शूरांचा आणि नद्यांचा उगम कळणे कठीणच असते. बोलणारा दुर्योधन असला तरी बोलणे खरे आहे. आणि कृपाचार्यांच्या प्रश्नात प्रथम माता आली आहे, तिचे नाव पित्याच्याही आधी विचारले आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या मुद्द्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

दप्तरातले कूळ

आता आजोबांच्या ‘हे कूळ निराळे’ ह्या म्हणण्याकडे वळू. घरातला शब्द हिशेबाच्या वहीत कसा आला?

जुन्या काळी जमिनीचा वसूल माणशी मोजला जात नसे. तो घराकडून येई. जमीन कसणारे जे एक घर, तेच सरकारी हिशेबातील एक कूळ. गावात कुळे किती, कोणाकडे जमीन किती, कोणाकडून वसूल आला आणि कोणाकडे बाकी राहिली, ह्याचा लेखाजोखा ठेवणारा तो कुलकर्णी. आज जे आडनाव आपण घराण्याचे म्हणून मिरवतो, ते मुळात दुसऱ्यांच्या कुळांचा हिशेब ठेवण्याचे काम होते. ज्ञानदेवांचे पूर्वज आपेगावचे कुलकर्णी होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. कसणाऱ्या शेतकऱ्यास ‘कुळवाडी’ असे नाव पडले तेही येथूनच. महात्मा फुले ह्यांनी १८६९ साली शिवछत्रपतींवर पोवाडा रचला, त्यात महाराजांस ‘कुळवाडीभूषण’ हे विशेषण दिले. ज्यांस कुळाचा मोठेपणा म्हणजे केवळ वंशाचा मोठेपणा वाटे, त्यांच्या कानांवर हा शब्द निराळ्याच अर्थाने पडला असेल ह्यात संशय नाही.

सरकारात वसूल भरणारे ते कूळ, ह्या अर्थापासून ‘देणे लागणारा तो कूळ’ असा अर्थ निघण्यास वेळ लागला नाही. सावकाराचा ऋणको त्याचे कूळ झाला, वकिलाचा पक्षकार त्याचे कूळ झाला, आणि व्यापारी ‘बडे कूळ गाठले’ म्हणून आनंदू लागले. ह्या अर्थबदलाच्या पाठीशी मोठे दुःखही आहे. इंग्रजी अमलात रोकड वसुली आणि कोर्टाचे हुकूमनामे ह्यांच्या कात्रीत सापडून पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांची कुळे बनले, आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्यास जमलेल्या लोकांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. ज्या शब्दाने कधी घर सुचविले, तो आता घर गहाण पडल्याचे सुचवू लागला होता.

कोकणात ह्या शब्दाचे रूप आणखी निराळे. तेथे सरकार आणि शेतकरी ह्यांच्या मध्ये खोत उभा होता. खोताची जमीन कसणारा तो त्याचे कूळ. पिकाचा निम्मा वाटा घालणारा अर्धेलीचा शेतकरी पेरणीपासून झोडणीपर्यंत राबे आणि खळ्यावरून अर्धे भात खोताच्या कोठारात जाई. शिवाय वेठ वेगळी. आपल्या ज्ञातीतील काही घराण्यांकडे खोती होती, काहींकडे कुलकर्ण होते, आणि काही घराणी स्वतःच दुसऱ्यांची कुळे होती. ह्यांपैकी पहिल्या दोहोंचा उल्लेख आपल्या कुलवृत्तांतांत अभिमानाने येतो. तिसऱ्याचा येत नाही. कूळ सांगताना आपण जे गाळतो तेही आपलेच कूळ असते, एवढेच येथे नमूद करतो.

कायद्यातले कूळ

ही व्यवस्था आपोआप मोडली नाही. ती मोडावी म्हणून माणसांनी फार सोसले. अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला, आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक ठेवून, लाकूडफाटा विकून त्या लोकांनी दिवस काढले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली मुंबई इलाख्यात पहिला कूळकायदा झाला, १९४८ साली अधिक व्यापक कायदा आला, आणि १९४९ साली खोती नाहीशी करणारा कायदा मंजूर झाला. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. कोल्हापुरात तर शाहू छत्रपतींनी १९१८ सालीच ती काढून तलाठी नेमले होते.

सर्वांत मोठा बदल १९५६ च्या दुरुस्तीने घडविला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. किंमत न्यायाधिकरणाने ठरवावयाची. सामान्य कुळाच्या बाबतीत ती आकाराच्या २० पटींहून कमी नाही आणि २०० पटींहून अधिक नाही, अशी मर्यादा होती व हप्त्यांची सवलत होती. मालक विधवा, अज्ञान, अपंग अथवा सैन्यात असल्यास कुळाचा हक्क काही काळ पुढे ढकलला जाई. गोव्यात मुक्तीनंतर १९६४ साली कूळकायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने तेथील कुळांसही मालकी मिळाली.

१९५७ साली आम्ही लहान होतो. घरातील मोठ्या माणसांचे चेहरे मात्र आठवतात. जमीन गेली, हे वाक्य त्या वर्षी आमच्या पडवीत किती वेळा उच्चारले गेले ह्यास गणती नाही. जिचा मुलगा दूर शहरात अल्प पगारावर होता आणि जिचा सारा निर्वाह चार मण भातावर होता, अशा एकाकी वृद्धेचे दुःख खोटे म्हणता येत नाही. आमचे आजोबाही अखेरपर्यंत ते विसरले नाहीत. परंतु पुढे ती वही आम्ही पानोपान वाचली, तेव्हा निराळीच गोष्ट दृष्टीस पडली. एकाच घराची नावे तीन पिढ्या त्या वहीत चालत आली होती. बाप गेल्यावर मुलगा, मुलगा गेल्यावर नातू. आणि प्रत्येकाच्या नावापुढे मागील बाकी. आमच्या घराण्याची वंशावळ आम्हांस चार पिढ्यांपलीकडे नीट सांगता येत नाही. परंतु आमच्या कुळाची वंशावळ आमच्याच पूर्वजांनी आपल्या हाताने लिहून ठेवली होती, आणि तिला त्यांनी बाकीची यादी समजले होते.

दुसरीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कायदा येणार हे कळताच पुष्कळ ठिकाणी कुळांकडून जमिनीचे राजीनामे लिहून घेण्यात आले. ते ‘स्वखुशीचे’ आहेत असे कागदावर लिहिले जाई. ज्याचे नाव कधी वहीत नव्हते, ज्याने वर्षानुवर्षे तोंडी बोलीवर जमीन कसली, त्यास पुरावा देता आला नाही. म्हणजे कायद्याच्या दारात ज्याचे नाव लिहिलेले होते तो तरला, आणि नाव नसलेला बुडाला. सात-बाराच्या उताऱ्यावरील ‘कुळाचे नाव’ हे शब्द पाहिले की आम्हांस हे आठवते. नाव लिहिणे किंवा न लिहिणे ही क्षुल्लक बाब नव्हे. त्यावर माणसाची भाकरी अवलंबून असते.

माहेरचे कूळ, सासरचे कूळ

आणि येथेच आम्ही आपल्या ज्ञातीच्या कुलवृत्तांतांकडे परत येतो. त्यांत ज्यांची नावे सर्वांत कमी लिहिली गेली, ती कुळे नव्हेत. त्या आपल्या लेकी आहेत.

वंशवृक्ष उघडून पाहावा. मुलाला फांदी आहे, त्याच्या मुलाला डहाळी आहे; मुलीला बहुधा काहीच नाही. फार तर एखाद्या ओळीत ती कोठे दिली त्याचा उल्लेख, आणि तेथे तिचा मजकूर संपतो. सून म्हणून जी आली तिचे माहेरचे नाव लग्नात बदलले असल्यास ते कोणास ठाऊकही नसते. आमच्या कुळाचाराच्या त्या टिपणाचेच पाहा. त्यात सांगितलेला प्रत्येक आचार घरातील स्त्रियांनी पाळला. पुरण त्यांनी वाटले, दिवा त्यांनी राखला, ओटी त्यांनी भरली. टिपणात मात्र एकाही स्त्रीचे नाव नाही. कुळाचार ज्यांनी चालविला त्यांनाच कुळातून वगळण्याचा हा प्रकार झाला.

वास्तविक आपली भाषा ह्याहून उदार आहे. मुलगी चांगली निघाली तर तिने ‘दोन्ही कुळे उद्धरली’ असे आपण म्हणतो. मुलाला हे भाग्य नाही. त्याचे कूळ एकच. दोन कुळांचा उद्धार करण्याचे सामर्थ्य जिच्यात मानले, तिला दोहोंपैकी एकाही वंशवृक्षात पान नसावे, हा विसंगतीचा कळस होय. कृपाचार्यांनी कर्णास प्रथम मातेचे नाव विचारले होते. आपली माहितीपत्रके ते शेवटी विचारतात, आणि पुष्कळदा विचारीतच नाहीत.

कायदा ह्या बाबतीत आपल्यापुढे गेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस पित्याच्या मिळकतीत वारसा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संपूर्ण देशाने २००५ साली तिला वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलाप्रमाणे सहदायाद मानले. आणि हा हक्क तिला जन्मानेच प्राप्त होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे प्रथम आईचे, नंतर वडिलांचे नाव लिहावे असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. सरकारी कागदावर जे झाले ते आपल्या घरच्या कागदावर होऊ नये काय?

उपसंहार

आजोबांच्या उत्तराबद्दल पूर्ण आदर राखून आम्ही आता असे म्हणतो, की ती दोन कुळे निराळी नव्हती. एका कुळाने शेतात राबून भात पिकविले. दुसऱ्याने त्याच भाताचा नैवेद्य कुलस्वामिनीस दाखविला. कुळाचाराचे टिपण आणि कुळांची वही ही एकाच घराच्या इतिहासाची दोन पाने आहेत. त्यांपैकी एकच जपणे म्हणजे अर्धा इतिहास जपणे होय.

म्हणून जी घराणी कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत त्यांस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, प्रत्येक पिढीतील लेकींची आणि सुनांची नावे, सुनांच्या माहेरच्या नावांसह, मुलांच्या बरोबरीने नोंदवावीत आणि लेकींच्या संततीसही वृक्षात फांदी द्यावी. दुसरी, ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांनी त्या कसणाऱ्या घरांचीही नोंद करावी; आणि जी घराणी स्वतः कुळे होती त्यांनी ते संकोच न धरता लिहावे, कारण श्रमाने जगल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. तिसरी, जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. वि. का. राजवाडे ह्यांनी अशाच घरोघरच्या दप्तरांतून कागद मिळवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था असे कागद जतन करीत आल्या आहेत. निदान त्यांच्या प्रती तरी काढून ठेवाव्यात.

गेल्या गणेशचतुर्थीस आम्ही गावी गेलो होतो. वहीतील त्या तीन पिढ्यांच्या घरातील पणतू नेहमीप्रमाणे नव्या भाताच्या लोंब्या घेऊन दर्शनास आला. जमीन त्याच्या नावावर होऊन साठांहून अधिक वर्षे झाली आहेत. येण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही. आम्ही माळ्यावरून ती वही काढली आणि त्याच्या पणजोबांचे नाव त्यास दाखविले. त्याने ते बोटाने दोनदा वाचले, आणि त्याच्या घरी त्या नावाचा दुसरा कोणताही कागद नाही असे सांगून त्या पानाची प्रत मागितली. आम्ही ती दिली. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी आम्ही जे टाचण करीत आहोत, त्यात ते नाव आता आहे. आणि त्याच पानावर, प्रथमच, आमच्या आजीचे माहेरचे नावही आहे.